पांढरा तुडतुडा आणि दंडावरचा पट्टा

आमच्या खोलीतला कचऱ्याचा डबा आठवड्यातून एकदा भरतो. किस्से रोज साचतात, आणि ते उचलून न्यायला गाडी येत नाही. म्हणून मीच सांगून टाकते.

सेलूला खताच्या दुकानामागे ही खोली आहे. वैशाली मॅडम कॉलेजात फिजिक्स शिकवतात, उरलेला वेळ इथे असतात. देशकर सर रिटायर्ड विभागप्रमुख, कागदावर आमचे गाईड. शोभाकाकू केळझरच्या, शेतमजुरी करतात. आणि मी रश्मी, इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलेली. नापास होऊन नाही. तीन वर्षं दुसऱ्यांच्या फायली उतरवल्या आणि एकाही सरांनी ‘का’ विचारू दिलं नाही, म्हणून सोडलं.

काम असं. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर पट्टा बांधायचा. अंग तापलं, नाडी पळायला लागली की पट्टा थरथरतो, म्हणजे सावलीत बस. भानगड एकच. सेन्सरवर घाम साचला की पट्टा खोटं बोलतो. तो थेंब झटकायची युक्ती आम्ही बुडावरचा थेंब दूर उडवणाऱ्या एका किड्याकडून, तुडतुड्याकडून, शिकत होतो. मे महिन्यात पैसे देणाऱ्यांची कमिटी येणार, भर उन्हात पट्टा बघणार. घामात चुकला, तर खोलीला कुलूप.

*

किड्याची निवड सरांनी केली. तुडतुडा म्हणजे कपाशीवरचा, हे त्यांना पाठ. मी महिनाभर त्या हिरव्या तुडतुड्याच्या बुडावर कॅमेरा लावून बसले. एक थेंब उडाला नाही. सर म्हणाले, “तुझा पेशन्स कमी पडतोय.”

शोभाकाकू एकदा डबा द्यायला आल्या. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “ह्या पोट्ट्याची वाट काऊन पाहून राह्यली? हा नाई उडवत. नाल्याकाठच्या गवतातला पांढरा असते, तो दिवसभर पिचकाऱ्या मारते. गवत कापाले बसलं का हातावर उडते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पदरात धरून सात पांढरे तुडतुडे आणले. पहिल्याच तासात थेंब उडाला. मॅडमनी विचारलं, हा इतका कसा पितो? मग कळलं, तो झाडातलं नुसतं पाणी पितो, त्यात खायला काही नसतं. म्हणून पोटभर प्यायचं आणि सतत फेकायचं. कपाशीवरचा तसा पीत नाही.

सरांनी वहीत लिहिलं, ‘नमुना बदलला.’ कोणामुळे बदलला ते लिहिलं नाही. मी खाली लिहिलं.

*

कारंज्याला लग्नात मोठ्या काकांनी चारचौघांत विचारलं, “काय करते मंग आता, कॉलेज सोडून?”

“किड्याची लघवी कशी उडते ते बघते.”

पंगतीत हसू फुटलं. काका म्हणाले, “बापानं यासाठी शिकवलं तुले?”

“नाही काका. इंजिनिअर व्हायला शिकवलं, आणि ते तुम्हालाही जमलं नव्हतं.”

जिलेबी वाढणारा माझ्याकडे दोनदा आला.

*

थेंबाची गंमत ही की किड्याची शेपटीची काडी जेवढ्या वेगानं हलते, त्याहून जास्त वेगानं थेंब सुटतो. मी फ्रेम मोजून सरांना दाखवलं.

“अशक्य,” सर म्हणाले. “फेकणाऱ्यापेक्षा फेकलेलं जोरात कसं जाईल? कॅमेरा चुकलाय.”

कॅमेरा बदलला. तेच. सर म्हणाले, “मोजणारी चुकली.”

मग मॅडमनी पाण्यानं भरलेला फुगा तळहातावर धरला. हात खाली-वर केला, फुगा दबला, फुगला, आणि तो फुगून वर येत असतानाच हात वर झटकला. फुगा छताला लागून सरांच्या धोतरावर फुटला. थेंबही तसाच दबतो आणि फुगतो. तो तुडतुडा नेमकी वेळ साधतो. आम्ही पट्ट्यात पातळ लवचिक पाती बसवल्या, तीच वेळ साधून घाम झटकायला.

सर धोतर पिळत म्हणाले, “याचा वेगळा पेपर होईल.” त्या दिवसापासून मोजणारी चुकत नाही.

*

पहिला पट्टा मनगटाचा होता. शोभाकाकूंना बांधायला गेले, तर त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत बांगड्या.

“कुठं बांधतं बाई, सांग.”

मी म्हटलं, कामापुरत्या काढून ठेवा.

“तुह्या पट्ट्यासाठी मी बांगड्या उतरवू? तुह्या पट्ट्याले वर सरकाव ना.”

डिझाईन करणारे आम्ही तिघं. सहा हात, एकातही बांगडी नव्हती. पट्टा दंडावर गेला. तिथं घाम जास्त येतो, म्हणून पाती पुन्हा जमवायला दीड महिना गेला. पण आज बायका पट्टा घालून निंदणाला जातात आणि विसरतात, याहून मोठं सर्टिफिकेट मला कोणत्याही विद्यापीठानं दिलं नसतं.

*

कमिटी आली ती ऐन मे महिन्यात, दुपारी. तीन पाहुणे लिंबाखाली खुर्च्यांवर. शोभाकाकू पट्टा बांधून धसकटं वेचायला तयार. तेवढ्यात सर म्हणाले, “बाईंना राहू द्या. पाहुण्यांसमोर शिकलेल्या माणसावर दाखवू.” काकूंच्या दंडावरचा पट्टा त्यांनी स्वतःच्या दंडावर बांधून घेतला. माझ्या तोंडात काय आलं होतं ते इथे लिहिता येत नाही.

सर तापल्या वावरात उभे राहून संशोधनाचं महत्त्व सांगू लागले. डोक्यावर टोपी नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. सदरा पाठीला चिकटला. पट्टा थरथरला.

“हं, बघा,” सर पाहुण्यांना म्हणाले, “घाम साचला. चुकतोय तो. थोडं काम बाकी आहे अजून.”

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडमचा चेहरा उतरला. मी पट्ट्याला जोडलेल्या मोबाईलवर बघितलं. आकडे स्वच्छ, एकही उडी नाही. पातींवरून थेंब सटासट उडत होते.

“सर, पट्टा बरोबर आहे. तुम्ही बसा.”

“तू मला शिकवू नकोस.”

पट्टा पुन्हा थरथरला. शोभाकाकू पुढे आल्या, त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ओ सर, बसा खाली. पाय कापून राह्यले तुमचे.”

सर काहीतरी इंग्रजीत बोलायला गेले आणि गुडघ्यावर आले. आम्ही तिघींनी उचलून लिंबाखाली आणलं. मॅडमनी मानेवर पाणी ओतलं, काकूंनी ओला पदर कपाळावर धरला. दवाखान्याची गाडी बोलावली. हळूहळू श्वास जागेवर आला.

कमिटीचे मुख्य पाहुणे घाबरले होते. सरांना मोकळं वाटावं म्हणून ते वाकले आणि दंडावरचा पट्टा सोडायला लागले.

सरांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी हात हिसकून घेतला.

“हात लावू नका,” ते म्हणाले. “रीडिंग चालू आहे.”