डोंगरासाठी मागवलेल्या भाकऱ्या

२०२२ साल. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो आणि मस्कतला थोरल्या मुलाकडं राहत होतो. पोरवयात सांगोल्याच्या माळावर बापाची मेंढरं राखली, नंतर सोलापुरात येऊन चिंचोळी एमआयडीसीत पोती उचलली. शाळा दुसरीपर्यंत. लिहिताना चुकलं तर चुकलं, पण सांगायचं ते सरळ सांगतो.

बायको सोलापुरातच होती. बरोबर चल म्हणालो तर म्हणाली, "माझ्या शेरडांस्नी इमानात बसवून घेता का?" मग एकटाच आलो. दोन महिन्यांसाठी आलो होतो, नातवाच्या नादात वर्ष होत आलं.

मुलाच्या हापिसातली काही मंडळी थंडीत तिथल्या एका उंच डोंगरावर जाणार होती, तंबू घेऊन. मुलगा बोलता बोलता म्हणाला, "आण्णा, तुम्हाला झेपणार नाही." एवढं बास झालं. दुसऱ्या दिवसापासून मी बिल्डिंगचा जिना चढायला लागलो. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरायच्या, तळापासून गच्चीपर्यंत जायचं, उतरायचं, परत चढायचं. मुलानं बूट आणले. "मेंढरांमागं हिंडलो तवा तुझे बूट कुटं होते?" म्हणालो आणि माझ्या जुन्या वहाणाच घासत राहिलो.

खायला काय न्यायचं हे ठरवायला मंडळी एकदा घरी जमली. त्यांचा म्होरक्या पुण्याचा पोरगा, लई थट्टेखोर. तो कसली कसली पाकिटं दाखवायला लागला. मी म्हणालो, "हे तुमी खावा. मी घरच्या कडक भाकरीवर डोंगर चढून दाखवतो." सगळे हसले, एकानं टाळी वाजवली. मला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी सोलापूरला फोन लावला. शेजारचा एक जण रजा संपवून मस्कतला परत यायचा होता, त्याच्याकडं भाकऱ्या दे म्हणून सांगितलं.

"अवो, दुकानातल्या धाडू का? डोळ्याचं आपरेशन हाय की या आठवड्यात."

ते मला माहीत होतं. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, एकाचं ऑपरेशन आधी करायचं होतं. लेक नेणार होती. मी जायचं म्हटलं असतं तर डोंगर हुकला असता, म्हणून तो विषय मी काढतच नव्हतो.

"दुकानातल्या खायला मी काय लॉजवर राहतोय? तुझ्या हातच्या धाड. भाकरी काय डोळ्यानं थापतीस?"

मग म्हणाली, "बरं. तीळ लावू का?"

भाकऱ्या आल्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेल्या. वरच्या दोन चांगल्या होत्या. खाली बघतो तर एकीकडनं करपलेल्या, कडेला जाड, मधी पातळ. लग्न झाल्यापासून तिच्या हातची भाकरी करपलेली मी पाहिली नव्हती. कडक भाकरी तव्यावरून उतरली की झालं असं नसतं. चुलीच्या कडेला मंद आचेवर ती वाळवत ठेवायची, फिरवत राहायचं, नजर हलवायची नाही. बारकेपणापासून हे बघत आलेला माणूस मी, आणि फोन लावून काय केलं, तर हसलो.

"काय गं, कोळसा धाडलास व्हय?"

फोन लेकीनं उचलला होता. "आण्णा, डॉक्टरांनी तिला चुलीपुढं बसायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी कामावर गेल्यावर हिनं स्वतःच पट्टी काढली आणि बसली. दुसऱ्या डोळ्यानं तिला दिसतंय कुठं? आता ऑपरेशनचा डोळा लाल झालाय, ठणकतोय."

मागनं बायकोचा आवाज आला, "त्यांस्नी काय सांगतीस गं? आण हिकडं." मग मला म्हणाली, "काय न्हाय वो, धूर गेला जरा. उद्या जाते दवाखान्यात. भाकरी खाल्ली का?"

"खाल्ली," म्हणालो. खाल्ली नव्हती.

"मग चढा डोंगर. एवढ्या केल्यात, वाया घालवू नका."

चुकलो असं आमच्या घरात पुरुषानं बायकोला म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. दवाखान्यात जा, एवढंच दोनदा सांगितलं आणि फोन ठेवला. भरलेली पिशवी दाराशी होती, तिच्याकडं बघवेना. बायकोची नजर गेली तर कशानं गेली, हे ती कुणाला सांगणार नाही, हे मला ठाऊक होतं. जेवायला बसलो पण ताट तसंच सरकवलं. मुलानं विचारलं तर पाय दुखतायत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याकडं गेलो नाही. मुलाला उठवलं आणि मिळेल त्या विमानाचं तिकीट काढ म्हणालो. तो म्हणाला, "आण्णा, मंडळींना मी सांगतो, आईचा डोळा दुखतोय म्हणून." मी नको म्हणालो. एवढं करून वर तिच्याच डोळ्याचं निमित्त पुढं करायचं, हे मला पटेना. नंबर लावून घेतला आणि त्या पुण्याच्या पोराला मीच सांगितलं की मी येत नाही.

तो हसला. "काय काका, कडक भाकरी मऊ पडली वाटतं? घाबरलात?"

एरवी असल्या बोलण्यावर मी त्याला सोडला नसता.

"व्हय, घाबरलो," म्हणालो आणि फोन ठेवून पिशवीतल्या पाण्याच्या बाटल्या बाहेर काढायला बसलो.