गायरानातून बाहेर येताना

आधीच सांगून टाकते — या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले आहेत. रात्रीचे बारा, सुनसान रस्ता, लिफ्ट मागणारी बाई… आणि हे सगळं बघणारा हमखास कुणाच्या तरी मावसभावाचा मित्र! कमेंटमध्ये मी एकदोघांची टरही उडवलेली आहे, ज्यांची उडवली त्यांनी आता हिशेब चुकता करायला हरकत नाही.

आमच्या घरात आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून देवाला जागा नाही, मग भुताला कुठून असणार? बाबा शाळेत गणित शिकवायचे. कुणी भूत पाहिलं म्हणालं की विचारायचे, "आधार कार्ड बघितलं का त्याचं?" मी त्याच बापाची पोरगी आहे. त्यामुळे खाली जे लिहितेय ते लिहायला मला बरेच महिने लागले आणि अजूनही दोन ओळी लिहून एक खोडतेय.

मी एका संस्थेत फील्ड इन्स्ट्रक्टर आहे. आठवी-नववीच्या पोरांना पर्यावरण शिकवते — वर्गात नाही, रानात. लोकांना वाटतं, झाडं दाखवायची आणि पगार घ्यायचा, मजा आहे बाईची. या वयाच्या पोरांना रानात सांभाळून बघा एकदा. एक विंचवासाठी दगड उलटा करतोय, दुसरा रील काढतोय, तिसरीला काटा टोचला म्हणून घरी फोन करायचाय आणि सगळ्यांना दर पाच मिनिटांनी डबा कधी खायचा ते विचारायचंय.

एप्रिलचा शेवट होता. परीक्षा संपल्या होत्या, आणि पिंगळीकडच्या एका शाळेच्या मुलांचं शिबिर आमच्याकडे होतं. पिंगळीहून ताडकळसकडे जाताना आतल्या रस्त्याला एक गायरान लागतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, उगाच लोक मोबाईल घेऊन तिथे जातील. गायरान मोठं म्हणाल तर अजिबात नाही. एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला कॅनॉल आणि मध्ये माजलेली वेडी बाभूळ. या बाभळीने गवत कसं खाल्लं, जुनी झाडं कशी मारली, हेच मुलांना दाखवायला आम्ही तिथे जायचो. त्याआधी कितीतरी वेळा गेले होते मी.

सकाळी मुलांना घेताना एक बाई गाडीपाशी आली होती. वैष्णवीची आई. वैष्णवी नववीतली — शांत, पण एकदा बोलायला लागली की थेट. आई म्हणाली, "हिचे चुलते नगं म्हनायलेत म्याडम. पोरीच्या जातीनं रानात कशाला हिंडायचं म्हनायलेत. मी धाडायले तुमच्या भरवशावर." मी हसून म्हटलं, "ताई, ऊन तापायच्या आत आणून सोडते." हे मी सगळ्याच आयांना सांगते, कारण परभणीच्या एप्रिलशी कुणी पंगा घेत नाही.

त्या दिवशीचा खेळ असा. जोड्या करायच्या. एकाचे डोळे रुमालाने बांधायचे, दुसऱ्याने त्याचा हात धरून एखाद्या झाडापाशी न्यायचं. डोळे बांधलेल्याने झाड चाचपायचं, साल, खोड, वास सगळं लक्षात ठेवायचं. मग त्याला परत आणायचं, रुमाल सोडायचा आणि त्याने ते झाड शोधून काढायचं. नेणाऱ्याने बोलायचं नाही, फक्त हात दाबायचा. एकदा दाबला की थांब, दोनदा दाबला की पाय उचल, पुढे चढ आहे. पोरं या खेळावर जीव टाकतात.

वैष्णवीला जोडीदार उरला नाही, म्हणून मी तिची जोडीदार झाले. बाकीची पोरं रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबांमध्ये होती, त्यांच्यावर लक्ष ठेवायला आमचे नवीद सर होते. वैष्णवीने माझे डोळे करकचून बांधले आणि मला घेऊन निघाली.

बरंच चाललो. वाटलं, पोरगी हुशार आहे, मला चकवायला गोल फिरवतेय. मग तिने माझा हात एका खोडावर ठेवला. जुनं, जाड, सालीचे पोपडे सुटलेलं खोड — हिवर! या बाभळीच्या राज्यात हिवरासारखं जुनं देशी झाड टिकून राहिलंय याचाच मला इतका आनंद झाला की मी खोडाला मिठी मारली. आता परत न्यायचं होतं. ती चार पावलं चालली आणि थांबली. पुन्हा वळली, पुन्हा थांबली. मग नियम मोडून बोललीच.

"म्याडम, वाट दिसंना गेली."

मी रुमाल काढला. हिवराभोवती अंगणाएवढी मोकळी जागा होती, आणि चारही बाजूंनी वेडी बाभूळ, एकमेकींत गुंतलेली. शेळी घुसेल एवढीही फट दिसत नव्हती.

"हितूनच आलोत की आपुन," वैष्णवी एका जागी बोट दाखवत म्हणाली. तिथे मनगटाएवढ्या जाड फांद्या होत्या, काही एका सकाळीत उगवलेल्या नव्हेत.

मला तेव्हा राग आला, भीती नाही. म्हटलं, पोरीचा गोंधळ झालाय. चिंचोळी का होईना, शेळ्यांची वाट असणारच. शोधल्यावर फांद्यांखालून एक सापडलीही. वाकून, ओढण्या सोडवत, ओरखडे खात आम्ही तिच्यातून सरळ गेलो. बाहेर पडलो ते हिवरापाशीच! दुसऱ्या बाजूने गेलो, पुन्हा हिवर. पिंगळीकडून रेल्वेचा हॉर्न आला, तेव्हा मी ठरवलं की रूळ पाठीशी ठेवून चालायचं म्हणजे रस्ता लागेल. चालत राहिलो. पुढचा हॉर्न आला तो बरोबर तोंडासमोरून.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? आम्हाला पोरांचा आवाज येत होता. कोण कुणाला चिडवतंय, कोण डब्यात काय आणलंय विचारतंय, शब्द न् शब्द ऐकू येत होता, जणू भिंतीपलीकडच्या शेजारणी बोलताहेत. मी शिट्टी वाजवली. नवीद सरांना लगेच ऐकू आली.

"म्याडम, आवाज तर लय साफ यायलाय," ते ओरडले. "तुमी तिथंच थांबा, मी आलोच."

काटे मोडत ते येत असल्याचा आवाज आम्ही ऐकला. जवळ आला… अगदी जवळ… आणि मग पलीकडे गेला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला.

"म्याडम, मी तर कॅनॉलवर निघालो. तुमी कुटंच दिसल्या न्हाईत. तुमचं लोकेशन पाठवा."

पाठवलं. नवीद सरांचा लगेच परत फोन आला. "म्याडम, हे तर आपल्या गाडीखाली दाखवायलंय. या खुदा, मी वाकून बी बघितलं."

मी हसले. खरंच हसले, कारण वैष्णवी माझ्याकडे बघत होती. त्यानंतर फोन उन्हाने इतका तापला की आपोआप बंद पडला.

ऊन डोक्यावर आलं होतं. हिवराची सावली विरळ, आणि पाण्याची बाटली एकच, तीही अर्धी. मी ती वैष्णवीलाच दिली. पाणी संपलं. बाहेर नवीद सरांनी आणखी माणसं बोलावली असावीत, कारण कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायला लागले. पण ते घाव कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. वैष्णवीला उलटी झाली. मग ती खोडाला टेकून बसली आणि गप्प झाली. मी तिच्या कपाळाला हात लावला तर तवा. तोंड लाल, आणि घाम… घाम येतच नव्हता. उष्माघाताचं ट्रेनिंग मीच इतरांना देते. घाम थांबला की हातात वेळ किती कमी असतो ते मला पाठ आहे.

तेव्हा मात्र मी घाबरले. स्वतःसाठी नाही हो. मला सारखी गाडीपाशी उभी असलेली ती बाई दिसत होती. मी बाभळीच्या अंगावर धावून गेले, फांद्या हातांनी ओढल्या, शिव्याही दिल्या — आमच्या घरात ज्या कुणी ऐकलेल्या नाहीत त्या! हात रक्ताने भरले आणि फट काही पडली नाही. मी रडत परत आले.

वैष्णवी डोळे अर्धे मिटून माझ्याकडे बघत होती. "म्याडम," ती हळूच म्हणाली, "येताना तुमाला एक बी काटा लागला न्हाई. मला लय लागले. तुमचे डोळे बांधलेले व्हते ना."

त्यात काही लॉजिक नव्हतं. तापलेल्या पोरीचं बोलणं होतं ते. पण दुसरं काही उरलंही नव्हतं. मी तिला उठवलं आणि तिच्या ओढणीने तिचे डोळे बांधले. माझे माझ्या रुमालाने बांधले. डाव्या हातात तिचा हात धरला, उजवा तोंडापुढे आडवा धरला, आणि जिकडे तोंड होतं तिकडे चालायला लागले. पहिल्या पावलाला डोळ्यात काटा घुसणार असंच वाटत होतं.

घुसला नाही. दुसऱ्यालाही नाही. पायाखाली वाळलेल्या शेंगा मोडत होत्या, पण अंगाला काही लागत नव्हतं. मध्येच माझ्या घामाने तिचा हात निसटला. मी चाचपडले, आणि लगेच हात पुन्हा धरला गेला. या वेळी समोरून. मला वाटलं, पोरगी धीर करून पुढे झाली. खेळातली नेणारी तीच होती ना! तिचा हात आता गार लागत होता. इतकं बरं वाटलं मला… म्हटलं, ताप उतरला हिचा. हात एकदा दाबला गेला. मी थांबले. मग दोनदा. मी पाय उचलला, तर खरंच चढ होता. चढले, आणि चपलेखाली डांबर लागलं.

"म्याडम!" नवीद सर ओरडले, अगदी कानाशी.

मी रुमाल काढला. समोर गाडी, पोरं, कुऱ्हाडी घेतलेले गावातले दोघेजण. पुढे वैष्णवी नव्हती. ती माझ्या पाठीमागे होती. डोळ्यांवर ओढणी तशीच, आणि दोन्ही मुठींत माझा कुर्ता पाठीमागून घट्ट धरलेला.

"तू पुढं होतीस ना?" मी विचारलं.

"न्हाई म्याडम. तुमीच हात सोडला. मंग मी कुर्ता धरला."

तिचं अंग अजून चुलीसारखं भाजत होतं.

पुढचं सगळं धावपळीत झालं. ओल्या टॉवेलात गुंडाळून तिला आरोग्य केंद्रात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. संध्याकाळपर्यंत पोरगी उठून बसली आणि भूक लागली म्हणाली. नवीद सर मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "म्याडम, तुमी जिथून निघाल्या ना, तिथं मी उभा व्हतो. तिथं वाट न्हवती."

नंतर मी स्वतःला खूप समजावलं. ऊन, तहान, भीती — मेंदू काहीही दाखवतो. लोकेशन चुकतं. वाट चुकते. हातही भासला असेल. बाबांना सगळं सांगितलं. आधार कार्डाचं काही बोलले नाहीत. "पोरगी बरी आहे ना?" एवढंच विचारलं आणि उठून गेले. भास म्हणून सगळं मांडलं तरी एक जागा अडते. चढ यायच्या आधी कुणीतरी मला थांबवलं होतं, आणि ज्याला तो चढ दिसत होता असं आमच्या दोघींत कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी वैष्णवीची आई आरोग्य केंद्रात आली. सोबत चुलतेही होते. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार आणि ते ऐकायची माझी तयारी होती. पण वैष्णवीनेच त्यांना सांगितलं, की तिला दिसत नव्हतं, चालवत नव्हतं, म्याडमनी आणलं. आई माझ्याजवळ आली, माझा फाटलेला, पट्ट्या बांधलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला.

"ह्या हातानं आनलंत माझ्या लेकराला," ती म्हणाली.

तो हात माझा नव्हता, हे त्या माउलीला कसं सांगणार होते मी? कुणाचा होता ते मला आजही माहीत नाही. मी नुसती मान हलवली, आणि ती बराच वेळ माझा हात धरून रडत राहिली.