चिलीचं खत

राई गावच्या मिठागरावरचे मुकादम माझ्याशी बोलायचे, पण नजर आभाळात. चैत्र लागला की प्रत्येक वाक्यानंतर ते वर बघत. एक सर आली तरी तयार झालेलं मीठ विरघळून जाई. आणि पांढरं काही दिसलं, की चिमूटभर जिभेवर ठेवल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

त्या वर्षी मी भातासाठी चिली देशाच्या खताचं पोतं आणलं. पडवीत ते उघडलं, आत मिठासारखे पांढरे दाणे, आणि शेजारी उभ्या मुकादमांनी चिमूट तोंडात टाकलीसुद्धा. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

“थुंका आधी. खत आहे ते.”

ते सावकाश थुंकले. “याला पाऊस लागलेला न्हाय, गुरुजी.”

मी वर्गात शिकवायचो तेच हे. चिलीच्या उत्तरेला डोंगर आणि समुद्राच्या मधे वाळवंट आहे. तिथे वर्षानुवर्षं पाऊस नाही, म्हणून हे खत जमिनीत तसंच टिकतं. मी सांगितलं. वाटलं, असा मुलूख ऐकून ते सुखावतील.

चूळ भरायला उचललेला तांब्या त्यांनी खाली ठेवला.

“मंग तिथली मानसं पितात काय?”

मी भूगोलाचं पुस्तक काढून बघितलं. पुस्तकात खताबद्दल पानभर होतं, पाण्याबद्दल ओळ नव्हती. पुढे भेटले की ते हेच विचारत, आणि मी रस्ता बदलू लागलो.

वैशाखात एका दुपारी अचानक ढग दाटले. माणसं माडाच्या झावळ्यांची झापं घेऊन मिठाच्या राशी झाकायला धावली. बांधावर मी दिसताच मुकादम डोक्यावरच्या झापासकट थांबले.

“गुरुजी, कळलं का काय पितात ते?”