गोलीचं काय ठरलं

ऑगस्ट लागला की आमच्या घरात माझी चेष्टा सुरू व्हायची. ओमानमध्ये, मस्कतजवळच्या अल खौदला राहत होतो तेव्हाची गोष्ट. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावायचा तर रुमाल लागे, आणि मी एसी लावून कोल्हापूरच्या चिखलाचा विचार करत बसलेला. आमच्या कॉलेजची फुटबॉल टीम त्या दिवसांत मैदानावर उतरते. नवे प्रवेश झालेले असतात, जिमखान्याचे सर पोरं निवडत असतात, आणि दिवाळीच्या आसपास झोनल असते. झोनल म्हणजे आजूबाजूच्या कॉलेजांची स्पर्धा. आम्ही ती कधीच जिंकली नव्हती.

"तुम्ही कॉलेज सोडलंत, पण कॉलेज काही तुम्हाला सोडत नाही," बायको म्हणायची. "तिथं ओळखतं तरी का कुणी आता?"

ओळखायचे. मी कधी खेळलो नाही, हे आधीच सांगतो. माझे वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायचं धाडस नव्हतं. पण मैदानाच्या कठड्यावर बसून ओरडायला कुणाची ओळख लागत नाही. तिथं ओरडून ओरडून मी त्या कॉलेजचा झालो. पुढं बी.एस्सी. झालो आणि ओमानला काँक्रीट तपासायच्या लॅबमध्ये लागलो. पदवीचा कागद फ्रेम करून हॉलमध्ये लावला होता. येणारे-जाणारे हसायचे. हसू देत. वडिलांना वाचता येत नव्हतं, तरी गावाकडं असताना त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला होता.

तर त्या वर्षीची टीम. सेंटर हाफ पदवी घेऊन गेला होता आणि त्याच्या जागी आलेला पोरगा अंगानं दांडगा, पण वळायला ट्रकएवढी जागा घेणारा, असं सरांनी कळवलं होतं. लेफ्ट आउट वाऱ्यासारखा पळायचा, पण मान खाली घालून; रेषा संपल्यावर त्याला कळायचं की रेषा होती. दोन फॉरवर्ड होते, दोघं गोल मारायचे आणि दोघं एकमेकांना पास द्यायचे नाहीत. एवढं सगळं असून मला यंदा आशा होती, ती गोलीमुळं. गोलकीपरला आमच्याकडं गोलीच म्हणतात. हा तिसऱ्या वर्षाचा, आमच्याच तालुक्यातला, लांब हाताचा, कमी बोलणारा पोरगा. मागच्या फायनलला पेनल्टी झाल्या. यानं दोन अडवल्या आणि आपल्याच पोरांनी तीन बारवरून मारल्या. त्याचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी टीम कितीही चांगली झाली तरी हा नसणार.

ऑगस्टमध्येच एके दिवशी सरांचा फोन आला. "गोली चाललाय."

"कुठं?"

"तुझ्याकडंच. ओमानला."

त्याचा थोरला भाऊ रुस्ताकला एसी दुरुस्तीच्या कामावर होता. त्याच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, एक हेल्पर हवा होता आणि रविवारपर्यंत पासपोर्टची कॉपी पाहिजे होती. पोरगा कॉलेज सोडणार. बी.ए.चं शेवटचं वर्ष तसंच राहणार.

"तो स्वतः काय म्हणतो?"

"भाऊ म्हणेल तसं, म्हणतो. तू जा, भावाला भेट. शिकलेला माणूस आहेस, तुझं ऐकेल."

शुक्रवारी सुट्टी. सकाळी निघालो. बरका गाव मागं पडल्यावर रस्ता डोंगराकडं वळतो. मी गाडीत एकटाच बोलत होतो, भावाला काय सांगायचं त्याची तालीम करत होतो. पदवीचं महत्त्व सांगायचं, माझं उदाहरण द्यायचं. फुटबॉलचं नाव काढायचं नाही, हे पक्कं ठरवलं होतं.

भावाची खोली दुकानांच्या मागच्या बाजूला होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मनगटावर भाजल्याचे डाग. दार उघडून तो म्हणाला, "या सायेब. फुटबॉलसाठी एवढ्या लांब आलासा?"

"फुटबॉलसाठी नाही. पोराच्या शिक्षणासाठी."

"खोटं बोलू नगासा." तो हसला. "सरांनी मलाबी फोन केलाय. त्यास्नी गोली पायजे. तुमास्नी काय पायजे? पोरगं शिकलेलं, का गोलात उभारलेलं?"

"दोन्ही," मी म्हटलं. तालमीतलं एक वाक्यसुद्धा उपयोगी पडलं नाही.

"हे बरं हाय. दोन्ही तुमास्नी, आन् हितं शिडीवर मी एकटा."

मी त्याला सरळ सांगितलं. माझ्या व्हिसावर जो हुद्दा आहे, तो त्या कागदामुळं आहे. हेल्पर म्हणून आला की त्याच्या व्हिसावर हेल्परच लागणार, आणि तो शब्द पुसायला वर्षं जातात. आठ-नऊ महिने थांब. पदवी होऊ दे. मग इथं ये म्हणायचं तर म्हण. मी स्वतः त्याच्यासाठी चार ठिकाणी बोलतो.

"मी बारावी नापास. माझं काय अडलंय?"

"काही नाही. पण काल दुपारी कुठं होतास?"

"गच्चीवर. कंप्रेसर काढत."

"उद्या तुझा भाऊपण तिथंच पाहिजे का?"

तो उठला. कुकर खाली उतरवला आणि बराच वेळ त्याच्याशी खुडबुड करत राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी दिवाळीला गावाला चाललोय. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, तारीख मिळालीया. माझ्या जागी मानूस दिल्याबिगर अर्बाब सोडत न्हाई. म्हनून त्याला बोलावतोय. हौस न्हाई मला."

पंख्याखाली बसून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला झोनल हरल्यासारखं वाटलं, आईच्या डोळ्याचं नंतर आठवलं.

तो बाहेर गेला, कारण खोलीत रेंज नव्हती. दारातून मला त्याचा आवाज ऐकू येत होता. अर्धं हिंदी, अर्धं अरबी, मधूनच "अर्बाब, इन्शाल्ला, अर्बाब". आत आला तेव्हा कपाळावर घाम होता.

"खलास," तो म्हणाला. "न्हाई येत तो. परीक्षा झाल्यावर बगू."

"आणि तुझी दिवाळी?"

"ऱ्हायली." एवढं बोलून तो तांदूळ धुवायला गेला.

मी गाडीत जाऊन बसलो. इंटरनेटवरून फोन लावणं ओमानात बंद होतं, त्यामुळं आम्ही सगळे कॉलेजच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचो. मी आनंदात बोललो, "सर, गोलीचं खलास झालं. मी स्वतः भावाशी बोललोय. आता विषय बंद." तेवढ्यात त्यानं जेवायला हाक मारली. फोन डॅशबोर्डवर चार्जिंगला तसाच राहिला.

गल्फमध्ये काही वर्षं काढली की 'खलास' म्हणजे ठरलं, मिटलं, काम फत्ते. दिवसातून पन्नास वेळा आपण तो शब्द बोलतो. कोल्हापुरात खलास म्हणजे काय, हे मी विसरलोच होतो.

जेवून परत आलो तर उन्हानं फोन तापून बंद पडलेला. भाऊ त्याच्या कामाला सुकाकडं, म्हणजे बाजारात गेला, मी निघालो. फोन एसीच्या झोताला धरून गाडी चालवली. बरकाजवळ तो चालू झाला आणि थरथरायचा थांबेना.

"आवाजात एवढा आनंद कसला आहे याच्या?" "शिकलेली माणसं अशीच." "गेला म्हणजे कसा गेला? ॲक्सिडेंट झाला का?" एका माजी विद्यार्थ्यानं तर अर्धवट ऐकून भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती आणि त्याखाली चौघांनी हात जोडले होते. सगळ्यात खाली सरांचा निरोप होता. "तुझा निरोप ऐकून पोरगा दाखला काढायला ऑफिसात गेलाय. ग्लोव्हज माझ्या टेबलावर ठेवून गेला. भाऊ फोन उचलत नाही म्हणतोय. तू तरी उचल."

आपल्याकडं शुक्रवारी कॉलेज चालू असतं. एकदा दाखला हातात पडला की तो त्या कॉलेजचा विद्यार्थी नाही. गाडी कडेला घेतली आणि गोलीला सरळ फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"कुठं आहेस?"

"लायब्ररीत, दादा. सही घेतोय. दाखल्याला लागते."

"घेऊ नकोस! भाऊ हो म्हणाला. तू शिकायचंस. खलास म्हणजे ठरलं रे, मिटलं!"

मग तो म्हणाला, "कुठल्या भाषेत, दादा?"

"इथल्या."

"मला कसं कळायचं? भावाला फोन करायला सांगा. त्यानं सांगितलं तर मानतो."

त्याचं बरोबर होतं. एकदा ऐकण्यात फसलेला माणूस दुसऱ्यांदा माझ्या शब्दावर का जाईल? भावाला लावला. आता तो सुकात होता, लगेच उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, तुमची पदवी नेमकी कशातली हो?"

"ते नंतर. आधी त्याला फोन कर."

"करतो. लायब्ररीवाला जेवायला गेला असला म्हंजे मिळवली."

मग वाट बघणं. इंजिन चालू, शेजारून ट्रक जायचे तशी गाडी हलायची. कॉलेजचं ऑफिस कधी बंद होतं, शेवटची सही जिमखान्याची असते की आधीची, सर ती अडवून धरतील का, हे सगळं डोक्यात फिरत होतं. सरांना लावला तर बिझी. बायकोचा आला, तो कट केला. टायब्रेकरच्या वेळी कठड्यावर बसायचो, तेव्हा निदान ओरडता तरी यायचं.

गोलीचाच फोन आला.

"दादा, अर्ज परत घेतला."

"शाब्बास!" मी एवढ्या जोरात ओरडलो की माझाच कान वाजला.

"पण झोनलला मी नाही."

"म्हणजे?"

"भाऊ दिवाळीला येत नाही, ते त्यानं आत्ता सांगितलं. आईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात आहे. सरकारी दवाखान्यातली तारीख, किती महिन्यांनी मिळालेली. तिला नेणार कोण? नंतरही तिला चुलीपुढं बसू द्यायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. गावाकडनं ये-जा करून संध्याकाळची प्रॅक्टिस व्हायची नाही, दादा. लेक्चरं तेवढी करतो."

तारीख पुढं ढकलता येत नाही का, हे माझ्या तोंडात आलं होतं. सेमीफायनल आणि फायनल मिळून तीन-चार दिवसांचा तर प्रश्न. रुस्ताकच्या त्या खोलीत एक माणूस माझ्यासमोर दिवाळी सोडून तांदूळ धुवायला गेला होता.

"आईला सांभाळ," म्हटलं. "आणि इतिहासाचा पेपर आधी काढ. तो अवघड जातो सगळ्यांना."

"माझा भूगोल आहे."

"मग भूगोल काढ."

तो पहिल्यांदा हसला आणि फोन ठेवला. मी ग्रुपवर या वेळी आवाज पाठवला नाही, टाइप केलं. "गोली जिवंत आहे. कॉलेज सोडत नाही. यंदा खेळणार नाही. घरचं कारण आहे, कुणी त्याला काही बोलायचं नाही." पुन्हा वाचून बघितलं. एकही शब्द दोन अर्थांचा नव्हता, तेव्हा पाठवलं.

मिनिटभरात सरांचा फोन. मीच विचारलं, "दुसरा गोली कोण आहे?"

"एक आहे. अकरावीला हँडबॉल खेळायचा. हात चांगले आहेत."

"उंच चेंडू?"

"पुढं येत नाही. कॉर्नर आला की पाय जमिनीला चिकटतात त्याचे."

"सर, अजून ऑगस्टच आहे. रोज कॉर्नर मारा त्याच्यावर."

"किती?"

"अंधार पडेपर्यंत. आणि त्या दोन फॉरवर्डांनाच मारायला लावा. एकमेकांना पास देत नाहीत, निदान त्याला तरी देतील."

सर हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारी प्रॅक्टिस मॅच आहे. बघतो, आणि कळवतो."

"निकाल नको, सर," मी म्हटलं. "कॉर्नरला तो पुढं आला का, तेवढं कळवा."