पेटीकाकांच्या घरचा आवाज

पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या त्या कारागिराला सगळी गल्ली पेटीकाका म्हणायची. पत्रा कापायचा, कडा दुमडायच्या, हातोडीने ठोकून ठोकून कोपरे बसवायचे. मिसरूड फुटल्यापासून हेच काम. खाली दुकान, वर घर. आणि त्या घरात साध्या आवाजात कुणी बोलतच नसे. साबण संपला, दार लाव, पाणी तापलं, सगळं ठणाणा ओरडून. भांडण कधीच नसायचं, पण जिन्यातून जाणाऱ्याला वाटावं, आता डोकी फुटणार.

मुलाचं लग्न झालं आणि शांत घरातली सून आली. आठवडाही झाला नसेल, ती स्वयंपाकघरात डोळे पुसताना सासूला दिसली.

"काय गं, काय झालं?" सासूने नेहमीच्याच आवाजात विचारलं. सून दचकली.

"माझं काही चुकलं का, आई? सकाळपासून तुम्ही सगळे भांडताय."

"भांडताय? अगं, नळ गळतोय, त्याचं बोलत होतो आम्ही!"

सासूला आधी हसू आलं, मग ओशाळल्यासारखं झालं. जेवायला बसल्यावर तिने फर्मान काढलं: आजपासून हळू बोलायचं. जो ओरडेल, त्याने भांडी घासायची.

सुरुवातीला भांडी बहुतेक वेळा तिनेच घासली. "आई, तुझा घसा आहे की भोंगा?" असं धाकटी लेक ओरडून म्हणाली आणि तीही मोरीपाशी जाऊन बसली. पण हळूहळू घर निवळलं. सून गप्पांत मिसळू लागली.

पेटीकाका मात्र मिटत चालले. जेवण झालं की उठून जिन्यात जाऊन बसायचे. काही विचारलं की नुसती मान हलवायचे. एकदा बायको म्हणाली, "जरा मीठ द्या हो," तर त्यांनी उठून पिठाचा डबा आणून ठेवला. सगळे हसले. तेही हसले, पण पुढचा घास बराच वेळ ताटातच चिवडत राहिले.

"रुसलेत," बायको सुनेला म्हणाली. "येतील ताळ्यावर."

दुसऱ्या दिवशी सून चहा घेऊन दुकानात गेली. काका पाठमोरे बसून पत्र्यावर रेघ आखत होते. ठोकाठोकी नव्हती. "बाबा, चहा." उत्तर नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा. तिची सावली पत्र्यावर पडली तेव्हा कुठे ते दचकून वळले.

ती त्यांच्यासमोर बसली. "बाबा, मी हाका मारल्या, त्या ऐकू आल्या नाहीत?"

ते तिच्या ओठांकडे बघत होते. मग मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही सगळे हल्ली कुजबुजता, पोरी. मला वाटलं, माझ्यापासून काहीतरी लपवताय."

सुनेने वर येऊन सांगितलं तसं सासूला जुनं आठवलं. लग्न झालं तेव्हा तीही हळूच बोलायची. मग काकांचं "काय?" "काय म्हणालीस?" वाढत गेलं, तसा तिचा आवाज चढत गेला. पोरं तिचंच ऐकून बोलायला शिकली. "आणि मला वाटायचं, आपण जन्माचेच तोंडाळ!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

डॉक्टरांनी कान तपासले. हातोडीच्या आवाजाने गेलेलं ऐकणं परत येणार नव्हतं, पण कानात घालायच्या यंत्राने भागणार होतं. पहिल्या दिवशी काका यंत्राला वैतागले. चमचा वाजला तरी कानात खिळा ठोकल्यासारखं होई. त्यांनी ते काढून कपाटात टाकलं. लेकीने लाडीगोडी लावून रोज थोडा वेळ घालायला लावलं, तेव्हा सवय झाली. आता दुकानात ते कानांत बोळे घालतात आणि वर आले की यंत्र. घरातलेही लांबून हाक मारण्याऐवजी समोर येऊन बोलतात. दूध उतू गेलं की सासू अजून किंचाळते, आणि मुकाट भांडी घासते.

परवा ती शेंगा सोलता सोलता पुटपुटत होती, "या माणसाला काम सांगा, नाहीतर भिंतीला सांगा."

"भिंतीने ऐकलं," मागून काका म्हणाले.

ती चपापली. मग म्हणाली, "इतकी वर्षं असं पुष्कळ बोललेय मी. सगळं पुन्हा सांगू का?"

"सांग की," असं म्हणत काकांनी स्टूल ओढलं आणि तिच्या पुढ्यातल्या अर्ध्या शेंगा आपल्याकडे घेतल्या.