हिरव्या वाटेवरची घाण

शेणाची किळस येणाऱ्या माणसांची मला किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून समतोल वगैरेची अपेक्षा ठेवायला नको. मोंतारसो गावच्या कचेरीत मी एकतीस वर्षं कारकून आहे. गावात माणसं दोनशे चौदा, मेयर एक, आणि गावाला येणारी सगळी पत्रं फोडणारी मी, कोलेत. हल्ली त्यातली निम्मी पत्रं सायकलवाल्यांची असतात, आणि सायकलवाल्यांची निम्मी पत्रं लुसेत पेरिशोंच्या गाईंच्या शेणाबद्दल.

हे सगळं सुरू झालं तेव्हा लुसेत एकाहत्तर वर्षांची होती. नवरा जाऊन अठरा वर्षं झालेली. मुलगी शहरात दातांची डॉक्टर. आईकडे आली की गाडीतच बसून बूट बदलायची आणि मगच खाली पाय ठेवायची. लुसेतला त्याचं काही वाटत नसे, मला वाटे. साडेचारला उठायचं, अकरा गाईंची धार काढायची, दूध गावच्या चीजघरात पोचवायचं, वाडगाभर कॉफीत पाव बुडवून खायचा आणि सातच्या ठोक्याला गाई नदीकाठच्या कुरणात सोडायच्या. चारला परत आणायच्या. नवऱ्याला पुरलं त्या दिवशीही ती चारला कुरणात गेली होती, काळ्या कपड्यांवर रबरी बूट चढवून. लोक त्याबद्दल कुजबुजले. गाईंना काय, कुणी मेलं म्हणून सडात दूध यायचं थांबतं का?

तिचा गोठा रेल्वेच्या अलीकडे आणि कुरण पलीकडे. रेल्वे म्हणजे होती तेव्हाची. माझ्या लहानपणी दिवसातून चार गाड्या जायच्या. गाई रुळांवर उभ्या असल्या तर ड्रायव्हर शिटी वाजवायचा, थांबायचा, सिगारेट पेटवायचा आणि लुसेतच्या सासऱ्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारायचा. त्याने कधी कुणाला पत्र लिहिलं नाही. पुढे गाड्या बंद झाल्या, रूळ उखडून नेले, तीस वर्षं नुसती काटेरी झुडपं माजली, आणि त्यांतून गाई आपल्या रोज जात-येत राहिल्या.

मग जिल्ह्याच्या साहेबांनी ठरवलं की या जागेवर हिरवी वाट करायची. बेचाळीस किलोमीटर गुळगुळीत डांबर, फक्त सायकलींसाठी. मोटार नाही, ट्रक नाही, चढ नाही, आवाज नाही. कल्पना वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पहिल्या रविवारी मीसुद्धा बहिणीची सायकल घेऊन गेले होते आणि झाडांच्या सावलीतून जाताना मला गाणंसुद्धा सुचलं होतं.

पण वाट करण्याआधी कायद्याप्रमाणे लोकांचं म्हणणं मागवावं लागतं. पानांवर आकडे घातलेली एक जाड वही महिनाभर माझ्या टेबलावर पडून होती. कुणीही यावं, हरकत लिहावी, सही करावी. त्या महिन्यात शेजारच्या कॅफेत अख्खं गाव घसा फोडून ओरडत होतं. जिल्ह्याच्या साहेबांचा तिथे रोज उद्धार व्हायचा. आणि कॅफेतून वीस पावलं चालत येऊन दोन ओळी लिहायला एक माणूस फिरकला नाही. आमचं हे असंच. वाइनच्या ग्लासावर बोललेलं थेट पॅरिसला ऐकू गेलं असं आम्हाला वाटतं.

शेवटच्या दिवशी लुसेत आली. बाराला, म्हणजे कचेरीची जेवणाची सुट्टी व्हायला, पाच मिनिटं कमी होती. तिने एप्रनचे दोन्ही खिसे चाचपले, चष्मा काही सापडला नाही.

"तूच लिही गं," ती म्हणाली, "की माझ्या गाई तिथनं जातात."

मी म्हटलं, स्वतःच्या हाताने लिहावं लागतं, नियम आहे. दोनला या.

"सगळ्या गावाला ठाऊक आहे गाई कुठनं जातात. त्यात लिहायचं काय एवढं?"

ती गेली. दोन वाजता तिचं कापलेलं गवत शेतात पडलेलं होतं आणि आभाळ भरून आलं होतं, त्यामुळे ती आली नाही. वही कोरीच परत गेली. जिल्ह्याच्या कागदावर लिहून आलं की या जागेचा वापर कुणीही करत नाही.

स्वतःच्या हाताने लिहायचा असा काही नियम नव्हता. मी लिहून तिची सही घेतली असती तरी चाललं असतं. वरच्या मजल्यावर, माझ्या घरी, चुलीवर मोहरीच्या रश्श्यातला ससा शिजत होता आणि मला भूक लागली होती.

वाट झाली. दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं. लुसेतच्या गाई कुंपणापाशी जाऊन हंबरू लागल्या तेव्हा कुठे गावाला जाग आली. आमचा मेयर जिल्बेर मुशो म्हणजे कण्याच्या जागी दोरी असलेला माणूस, पण लहानपणी लुसेतच्या घरचं दूध प्यायलेला. त्याने जिल्ह्याच्या हातापाया पडून एक फाटक बसवून घेतलं. परवानगी वर्षावर्षाची. अट अशी की फाटकाच्या जागेवर जी काही घाण आढळेल ती परवानगी घेणाऱ्याने काढायची. तीन तक्रारी खऱ्या ठरल्या की फाटकाला कुलूप. मग कुरणात जायला उरली एकच वाट, पुलावरून, साडेतीन किलोमीटर हमरस्त्याने, लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक ज्या रस्त्याने सुसाट जातात त्याच रस्त्याने. म्हणजे सायकलवाल्यांना ट्रक नकोत म्हणून म्हातारीने अकरा गाई घेऊन ट्रकांत शिरायचं. यावर साहेब लोकांनी शिक्के मारले.

त्या दिवसापासून लुसेत फावडं आणि दोन बादल्या घेऊन गाईंच्या मागून चालू लागली. दिवसातून दोनदा डांबर खरवडायचं आणि धुवायचं. सायकलवाले घंट्या वाजवत यायचे, तिच्यासमोर पाय टेकून उभे राहायचे, नाक धरायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. एकाने विचारलं की बाई, गाईंना लंगोट का नाही बांधत?

सायकलवाल्यांच्या चड्डीत गादी शिवलेली असते. लुसेतने तिकडे एकदा नीट बघून घेतलं. "तुझी ती उतरव," ती म्हणाली, "तीच बांधते."

तक्रार क्रमांक एक त्याचीच होती. दुसरी एका बाईची: चाकाला लागलेलं शेण तिच्या नव्या गाडीच्या डिकीत गेलं म्हणे. दोन्ही खऱ्या ठरल्या.

आणि हीच माणसं काय करत होती तेही ऐका. फाटकापासून गाई चरताना छान दिसतात म्हणून जिल्ह्याने तिथेच एक बाक आणि टेबल ठेवलं होतं. माहितीपत्रकावर फोटोही लुसेतच्या मार्कीझ नावाच्या गाईचा, धुतल्यासारखा स्वच्छ. बेचाळीस किलोमीटरांत शौचालय मात्र एकही नाही. लोक बाकावर बसायचे, सँडविच खायचे, चिकट गोड लगद्याच्या चकचकीत पिशव्या चोखून फेकायचे आणि मग कुंपणामागे जायचे. पहिल्या उन्हाळ्यात झुडपांना पांढरे कागद लटकले. दुसऱ्या उन्हाळ्यात तर झुडपापर्यंत जायचे कष्टही कुणी घेईना. उकाड्यात तिथून जाताना मी श्वास रोखून चालायचे. गावचा सफाईवाला म्हणाला, ती जागा जिल्ह्याची. जिल्ह्याचे सफाईवाले वर्षातून दोनदा यायचे. मी सहा पत्रं लिहिली. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, असं सहा वेळा उत्तर आलं. शिकलेली, पगारदार, घरी फरशी चमकवणारी माणसं, आणि दुसऱ्याच्या दारात ही तऱ्हा. मला त्यांची शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही.

जुलैत एका सोमवारी संध्याकाळी तिसरी तक्रार आली. टेबलाशेजारी, फाटकाच्या जागेवर, माणसाची घाण आहे. तपासणीला साहेब दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी दहाला येणार होता. मेयर आणि मी सकाळी सातला फाटकापाशी पोचलो.

गाई फाटकाआड थांबल्या होत्या. टेबलाशेजारी, डांबराच्या मधोमध ते पडलं होतं, ताजं, आणि कागद उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेला. एवढी काळजी घेतली होती त्या भल्या माणसाने! लुसेत बाजूला वाकून उभी होती. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालताना मी जिला पाहिलंय, ती बाई गवतात ओकली होती.

मेयर म्हणाला, "लुसेत, टाका ना उचलून. एका मिनिटाचं काम आहे. दहाला तो येतोय."

लुसेतने एप्रनला तोंड पुसलं. "जिल्बेर, गाईंचं मी जन्मभर उचललं. आईचं उचललं, शेवटी नवऱ्याचंही उचललं. ती माझी माणसं होती. एका धडधाकट माणसाचं मी उचलणार नाही."

"मग कुलूप लागेल हो."

"लागू दे. गाई विकते."

फावडं तिने तिथेच टाकलं आणि गाई मागे वळवल्या. जुलै महिन्यात, चांगलं ऊन असताना, तिच्या गाई गोठ्यात परत जाताना मी पहिल्यांदाच पाहिल्या. त्या वळायला तयार नव्हत्या. मार्कीझ दोनदा कुंपणाशी परत आली. लुसेतने तिला काठी मारली, आणि तिने गाईला काठी मारलेलीही मी पहिल्यांदाच पाहिली.

मेयरने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आपल्याला बैठक आहे म्हणाला आणि गेला.

मी नाकाला रुमाल बांधला आणि फावडं उचललं. काय काय झालं ते सांगत बसत नाही. मीही ओकले, दोनदा. नदीवरून चार बादल्या पाणी आणून डांबर घासलं. मधेच एक जोडपं सायकलींवरून गेलं. बाई नवऱ्याला म्हणत होती की गावाकडची माणसं बघ, अजून कशी घाणीत राहतात. मी मान वर केली नाही. फावडं मारावंसं वाटलं, खरंच सांगते.

दहाला साहेब आला. त्याने फोटो काढला, कागदावर खूण केली. "छान. असंच ठेवत जा," म्हणाला. हात मात्र पुढे केला नाही.

संध्याकाळी मी लुसेतच्या गोठ्यात गेले. ती धार काढत होती. मी सांगितलं की तक्रार खोटी ठरली, फाटक राहिलं, गाई विकायचं कारण नाही.

"साफ कुणी केलं?"

"मी."

बादलीत धार पडत राहिली. ती आभार मानेल म्हणून मी थांबले होते, हे लिहितानाही मला माझीच लाज वाटते. त्यात काय एवढं, असं उत्तरसुद्धा मी जुळवून ठेवलं होतं.

त्या गाईची धार संपली तशी ती स्टूल उचलून दुसरीखाली बसली.

"साडेसहाला येत जा," ती म्हणाली. "गाई सातला निघतात."

रोज साडेसहाला मी फावडं घेऊन फाटकापाशी असते, त्याला हा तिसरा उन्हाळा चाललाय. सवय होते असं लोक म्हणतात. होत नाही.