चार मिनिटं फोन ठेवा

बावन्नाव्या वर्षापर्यंत हिल्का तुर्पेइनेनचे फोटो बसने जात होते. काजानी शहरातल्या वर्तमानपत्राची ती लेहतोवारा गावातली बातमीदार आणि फोटोग्राफरही. दर शनिवारी फिल्मचा रोल पाकिटात घालायचा आणि तीन-दहाच्या बसच्या ड्रायव्हरकडे, ताइस्तोकडे द्यायचा.

"रोल," ती म्हणायची.

"रोल," तो म्हणायचा.

अठरा वर्षं दोघांत एवढंच बोलणं. एकदा तो पडशाने बेजार दिसला, तेव्हा तिने "बरे आहात ना?" असं विचारलं होतं. तो "नाही" म्हणाला होता.

दोन हजार सालच्या मार्चमध्ये संपादकाने तिला डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि नवा मोबाइल पाठवला. मागोमाग त्याचा फोन आला.

"हा एका कॉलला दोन लाइनी धरतो, त्याही जास्त वेगाच्या, हिल्काबाई. जुन्या फोनवरून फोटो यायला बारा मिनिटं लागायची, यावरून चार. आता पान साडेतीनला छपाईला सोडायचं ठरलंय. बसची भानगड संपली."

"ताइस्तोला सांगितलंत?"

"कोण ताइस्तो?"

मग तिनेच जाऊन सांगितलं. ताइस्तोने आरसा पुसला, "बरं" म्हणाला आणि बसचं दार लावून घेतलं.

पुढच्याच शनिवारी गोठलेल्या तळ्यावर तीस किलोमीटरची स्कीइंगची शर्यत झाली. लेहतोवाराची मुलगी पहिली आली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे आनंद कसा करायचा हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. लोकांनी खिशातून मोबाइल काढले आणि नातेवाइकांना कळवायला लागले.

टेकडीवर मोबाइलचा टॉवर एकच, त्याच्या लाइनी भरून गेल्या. हिल्काने फोटो पाठवायला घेतला, तर दोनातली एक लाइन गेली. मग दुसरीही तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

हिल्का उठली आणि शर्यतीचा निकाल सांगणाऱ्या माणसापुढे हात केला. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही ती चार शब्द बोलली नव्हती. त्याने माइक दिला.

"मी वर्तमानपत्राची हिल्का," ती म्हणाली. "फोटो जात नाहीये. सगळ्यांनी चार मिनिटं फोन ठेवा."

सातशे माणसांनी फोन ठेवले. कुणी का म्हणून विचारलं नाही. टोपीवाला एक म्हातारा तेवढा कानाला फोन लावून उभा राहिला.

"तुमचं काय?" हिल्काने माइकवरूनच विचारलं.

"आईशी बोलतोय."

"आईला सांगा, नंतर करतो."

"ती म्हणतेय, कोण आहे ती बाई?"

"हिल्का तुर्पेइनेन."

म्हाताऱ्याने फोनमध्ये नाव सांगितलं, ऐकलं आणि फोन बंद केला. "ठेव म्हणाली."

तळ्यावर शांतता पसरली. लॅपटॉपवरची पट्टी सरकायला लागली. तीन-दहा वाजले. काठावर बस उभी होती, इंजिन चालू, दार उघडं. बस सुटेना. हिल्काने मान वर केली, तर ताइस्तो पायरीवर उभा राहून तिच्याकडे बघत होता. अठरा वर्षांत त्याने बस एक मिनिटही उशिरा सोडली नव्हती.

फोटो नाही गेला तर कॅमेऱ्यातलं कार्ड न्यायला तो थांबला होता. बस काजानीला सव्वापाचला पोचायची, तोवर पान केव्हाच छापखान्यात गेलं असतं. ते त्याला ठाऊक नव्हतं. हिल्काने सांगितलं नाही.

तीन-चौदाला पट्टी भरली. लगेच संपादकाचा फोन आला. "आला. मुलीचे डोळे मिटलेत."

"थंडी आहे," हिल्का म्हणाली.

तिने ताइस्तोला हात केला. त्याने मान हलवली, दार लावलं आणि बस सोडली. उशिराबद्दल त्याला डेपोतून लेखी विचारणा झाली. त्याने उत्तरात लिहिलं, "थांबलो होतो."

त्याच्या पुढच्या शनिवारी गावात काहीच घडलं नाही. हिल्का तरीही तीन-दहाला बसपाशी गेली.

"काय द्यायचंय?" ताइस्तोने विचारलं.

"काही नाही. काजानीचं तिकीट द्या."

"काम आहे?"

"नाही."

त्याने तिकीट फाडून दिलं. मागे तीन प्रवासी बसून होते. मग त्याने पुढच्या सीटवरची आपली जेवणाची पिशवी उचलून खाली ठेवली. हिल्का तिथे बसली.

काजानी येईपर्यंत तो आणखी एकदाच बोलला. रस्त्यात रेनडिअर आडवा आला होता, त्याच्याबद्दल. जूनमध्ये त्यांनी लग्न केलं.